सांधेदुखी आणि तेलाची मालीश

प्रश्न : माझे वय ५८ आहे. सकाळी उठल्यावर गुडघे आणि बोटांचे सांधे तासाहून अधिक काळ आखडलेले असतात. तेलाने मालीश केली की सूज उलट वाढते. असे का होत असावे?

उत्तर : सांध्यांचे कोणतेही दुखणे तेलाने शमते, हा समज फार दृढ आहे. आयुर्वेदाने मात्र येथे दोन वेगळे विकार मानले आहेत. झीज आणि कोरडेपणा असलेल्या संधिगत वातात कोमट तेलाचा अभ्यंग व नंतर शेक उपयोगी पडतो. परंतु सूज, जडपणा आणि मंदावलेली भूक ही लक्षणे असलेल्या आमवातात, ज्याचे स्वतंत्र वर्णन माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात येते, आधी लंघन (उपवास किंवा हलका आहार), सुंठीसारखी पाचक द्रव्ये आणि गरम वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला असून तेल टाळले जाते. आपली लक्षणे दुसऱ्या प्रकाराकडे झुकतात, म्हणून मालीश तूर्त थांबवावी.

इतका वेळ टिकणारा ताठरपणा रुमेटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांना सूज आणणाऱ्या आजारातही आढळतो आणि त्यात सांध्यांची हानी कायमची होऊ शकते, त्यामुळे रक्ततपासणी लांबणीवर टाकू नये. गुग्गुळाचे कल्प (गुग्गुळापासून केलेली औषधे) वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास त्यांना तसे आवर्जून सांगावे.