आठवड्याची कॅप्सूल किती महिने घ्यावी?

प्रश्न : सासूबाईंना डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, अशी ८ आठवड्यांसाठी लिहून दिली होती. तीच चिठ्ठी दुकानात दाखवून त्या ती ५ महिने घेत आहेत. हल्ली त्यांना फार तहान लागते, पोटही साफ होत नाही. कॅप्सूल चालू ठेवावी का?

उत्तर : नाही. कॅप्सूल आजच थांबवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) व ड जीवनसत्त्व लवकर तपासून घ्या. (चिठ्ठीवरची मुदत आपल्याकडे सहसा कोणी वाचतच नाही.) क जीवनसत्त्व जास्त झाले तर ते लघवीवाटे निघून जाते, ड जीवनसत्त्व मात्र चरबीत विरघळणारे असल्यामुळे शरीरात साठत राहते, आतड्यातून कॅल्शियमचे शोषण वाढवते आणि रक्तातले कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेले की तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता आणि पुढे मूतखडा किंवा मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाऊ शकते. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला सुमारे ८,५०० युनिट होतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय प्रौढांनी रोज ४,००० च्या वर जाऊ नये. अर्थात तहान मधुमेहामुळेही लागते, म्हणून साखरही पाहावी. सासूबाई कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठी थायाझाइड किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.