जुन्या डर्ट बाईकचा मागचा शॉक: सील शोधण्याआधी रॉड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८१ ची सुझुकी आरएम२५०, मागचा शॉक (धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तेल गाळतोय, दाबून सोडला की फटकन वर येतो, कंपनीचे पार्ट बंद झालेत, मग हाच शॉक रिबिल्ड करावा की दुसऱ्या गाडीचा बसवावा?

हाच करा. या गाडीत शॉकचं वरचं टोक रॉकरवर (फ्रेमला बसवलेल्या डुलत्या तुकड्यावर) आणि खालचं स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या भागावर) असतं. दोन्ही टोकं हलतात, म्हणून तर हिला फुल फ्लोटर म्हणतात. बाहेरच्या शॉकची लांबी किंवा स्ट्रोक जरासा वेगळा निघाला तरी लिंकेजचं (या जोडदांड्यांचं) सगळं गणित बिघडतं. मूळ बॉडी शाबूत असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

उघडण्याआधी गॅस सोडा. आत नायट्रोजन दाबाखाली असतो. डोळ्यांवर चष्मा घाला, तोंड बाजूला ठेवा आणि व्हॉल्व्हची पिन हळूहळू दाबा. फुसफुस पूर्ण थांबल्याशिवाय एकाही सर्कलिपला (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याला) हात लावू नका. व्हॉल्व्हच नसलेला शॉक असेल, तर ज्याच्याकडे ते काम करायची साधनं आहेत त्याच्याकडेच द्या. स्प्रिंगचंही तसंच: प्रीलोडचे (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारे) नट पूर्ण सैल करून, कॉम्प्रेसर लावूनच काढायची.

आता मुख्य मुद्दा. सगळे आधी सील, म्हणजे शॉकच्या सरकत्या दांड्याभोवती (रॉडभोवती) तेल अडवणारं रबरी कडं, शोधायला धावतात. मीही तेच केलं होतं. सील मिळालं, बसवलं, आणि चौथ्या फेरीत पुन्हा तेल. दुसरं बसवलं, तेही गेलं. मग रॉड खिडकीपाशी धरून हळूहळू फिरवला तेव्हा मोहरीच्या निम्म्याएवढा एक काळा ठिपका दिसला. बोटाला लागत नव्हता, नखाला मात्र अडकत होता. क्रोम फुटून खाली गंज धरला होता. शॉक दाबला जाईल तेव्हाच तो ठिपका सीलखालून जायचा आणि दर वेळी सीलच्या ओठाचा, म्हणजे कडेचा, कण कण खरवडून न्यायचा. गाडी स्टँडवर उभी असताना मात्र सगळं कोरडं ठाक.

म्हणून रॉड आधी पुसा, उजेडात फिरवा, पूर्ण लांबीवर नख चालवा. नुसते बारीक उभे ओरखडे असतील तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून आडवं, गोलाकार घासलं की भागतं. खड्डा असेल तर रॉड ग्राइंड करून त्यावर पुन्हा हार्ड क्रोम चढवायचा आणि मूळ मापावर ग्राइंड करून आणायचा. दिसायला चकचकीत असलेला शोभेचा क्रोम इथे चालत नाही, हे काम देताना स्पष्ट सांगा. रॉड वाकला असेल तर सरळ करत बसू नका, नवा करून घ्या.

पार्ट शोधताना गाडीचं नाव विसरा, मापं घेऊन फिरा. त्या काळात कायाबा ही जपानी कंपनी सुझुकी, यामाहा आणि कावासाकी या तिघांनाही शॉक पुरवत असे, त्यामुळे तुमच्या गाडीच्या नावावर न मिळणारी वस्तू कधी कधी दुसऱ्याच गाडीच्या नावाने पडून असते. सीलची तीन मापं लागतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. ही जुन्या सीलवरून घेऊ नका, ते फुगलेलं किंवा आक्रसलेलं असतं. रॉड मायक्रोमीटरने मोजा, सीलची खाच व्हर्नियरने. पिस्टनच्या बँडसाठी बॉडीचा आतला व्यास, ब्लॅडर (गॅस आणि तेल वेगळं ठेवणारी रबरी पिशवी) असेल तर त्याचा व्यास आणि लांबी. टोकांची गोल बेअरिंग आणि ओ-रिंग तर मापावरच मिळतात. मापं जुळतात म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल सील मात्र घालू नका. ते फिरणाऱ्या शाफ्टसाठी असतं. इथे रॉड मागेपुढे धावतो आणि आत दाब असतो.

सीलहेडमधला (सील बसतं त्या झाकणातला) बुशही बघा. टेफ्लॉनचं करडं अस्तर जाऊन खालचं पितळी दिसायला लागलं असेल तर तो बदला, नाहीतर रॉड डगडगतो आणि नवं सील एका बाजूने खातो. रबरी बंपरचा तुमच्याकडे बहुधा भुगाच झाला असेल. तो न घालता गाडी चालवू नका, शॉक तळाला लागला की धातूवर धातू आदळतो.

पिस्टनवरचा नट सुटला की शिम (तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवा आणि फोटो काढा. ०.१५ आणि ०.२० मिमीच्या शिममधला फरक डोळ्याला कळत नाही, गाडीला कळतो. जुळवताना नटाला लॉकिंगचं औषध लावायलाच हवं.

तेल शॉकचंच घ्या, फोर्कचं (पुढच्या सस्पेन्शनचं) नको. डब्यावरच्या ५डब्ल्यू वगैरेवर जाऊ नका, दोन कंपन्यांचं ५डब्ल्यू सारखं नसतं. ४० अंशाला किती सेंटिस्टोक्स (तेलाच्या घट्टपणाचं माप), तो आकडा बघा. भरताना घाई नको. रॉड अगदी सावकाश खालीवर करा, बॉडीला लाकडी दांड्याने टिचक्या मारा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. माझा यातच अर्धा तास जातो, आणि तो जायलाच हवा. हवा राहिली तर रिबाउंडची (शॉक परत वर येतानाची) पकडच येत नाही, तुमचा शॉक आत्ता जसा फटकन उसळतोय तसाच उसळेल.

गॅस नायट्रोजनच, साध्या हवेत ओल असते. दाबाखालच्या गॅसमुळे तेलात पोकळ्या आणि फेस होत नाही. मोटोक्रॉसचा स्वार हाकान अँडरसनने १९७३ ची २५० सीसी जागतिक स्पर्धा जिंकली ती यामाहाच्या ज्या मोनोशॉकवर (मागे एकच शॉक), तोही याच तत्त्वाचा होता. दाब मॅन्युअलमध्ये असेल तोच ठेवा. सहसा १० बारच्या आसपास असतो.

स्प्रिंग दुसरी शोधायची वेळ आली तर तारेची जाडी नीट मोजा. ८ ऐवजी ८.५ मिमी तार असली, की वेढे आणि व्यास तेच असूनही स्प्रिंग साधारण २७ टक्के कडक होते. वर बसल्यावर मागचं चाक एकूण प्रवासाच्या एक तृतीयांश खाली बसलं पाहिजे.

आणि शॉक खाली आहे तोवर रॉकर आणि लिंकेजच्या बेअरिंगही काढून बघा. तिथला खुळखुळा बरेच जण शॉकच्या माथी मारतात.

सगळं जुळल्यावर गाडीत बसवण्याआधी शॉक रॉड खाली करून रात्रभर कागदावर उभा टांगा. सकाळी रॉडवर बोटाला जेमतेम लागेल एवढा तेलाचा ओलावा असेल तर बसवा. सीलच्या कडेला थेंब जमला असेल किंवा कागदावर डाग दिसला, तर गॅस सोडून पुन्हा उघडा आणि रॉडवर परत एकदा नख फिरवा.