मार्शल आक्रमण पहिल्याच मोठ्या कसोटीत हरले, मग ते शिकावे का?

बुद्धिबळात काळ्या बाजूने एक प्यादे देऊन पांढऱ्या राजावर हल्ला चढवण्याची एक सुरुवात आहे, मार्शल आक्रमण. १९१८ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत अमेरिकन खेळाडू फ्रँक मार्शलने ती क्यूबाच्या कापाब्लांकापुढे खेळली, पण ती निष्फळ ठरली; ती आज शिकण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. अर्थ निश्चित आहे, आणि तो डाव स्वतः पटावर मांडल्याशिवाय याविरुद्ध कुणी मत देऊ नये.

शाळेत असताना मी हाच डाव आमच्या प्रशिक्षकांना दाखवत होतो. अठराव्या चालीवर त्यांनी मला थांबवले, "हरलेल्याकडून काय शिकायचे?" असे म्हणत मोहरी डब्यात भरली आणि जिल्हा स्पर्धेत ती सुरुवात खेळायला मनाई केली. वयाचा मान राखून मी गप्प बसलो, पण ते म्हणणे मला आजतागायत पटलेले नाही. त्या अठराव्या चालीला मार्शलचा उंट जी३ वर (म्हणजे 'जी' या उभ्या रांगेतल्या तिसऱ्या घरात) येतो, पांढरा राजा एफ१ वर उघडा पडलेला असतो आणि कापाब्लांकाचे वजिराकडचे हत्ती, घोडा व उंट आपापल्या मूळ घरातच असतात. बी१ वरचा त्याचा घोडा तर थेट बत्तिसाव्या चालीला हलतो; तोवर राजा ई२, डी३ अशी वाट काढत सी२ वर पोहोचलेला असतो. कापाब्लांका छत्तिसाव्या चालीला जिंकला, तो या असामान्य बचावामुळे. त्याने सुरुवातीतली कल्पना खोडून काढली होती, असे मुळीच नाही.

मार्शलने अकराव्या चालीला घोडा डी५ वरून एफ६ वर मागे घेतला होता. पुढे त्याऐवजी सी६ ही प्याद्याची चाल रूढ झाली. १९६५ मध्ये सोव्हिएत खेळाडू स्पास्कीने माजी जगज्जेत्या तालविरुद्ध हीच सुरुवात यशस्वीपणे वापरली, तर २००४ मध्ये ब्रिसागो येथील जगज्जेतेपदाच्या लढतीत आव्हानवीर लेकोने आठव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी जगज्जेत्या क्रामनिकला हरवले, तेही याच आक्रमणातून. जगज्जेता राहिलेला कास्पारोव्हसारखा खेळाडू पांढऱ्याकडून आठव्या चालीला प्यादे ए४ वर खेळून ते टाळत असे. हरलेली म्हणून टाकाऊ असलेल्या सुरुवातीला इतक्या मोठ्या खेळाडूने बगल कशाला दिली असती, याचे उत्तर आमच्या प्रशिक्षकांनी द्यायला हवे होते.

अर्थात, एक प्यादे कमी असताना आपण अस्वस्थ होत असाल, तर ही सुरुवात लगेच स्पर्धेत खेळू नका. शिवाय प्रतिस्पर्धी ए४ किंवा एच३ खेळला तर हे आक्रमण पटावर येतच नाही, त्यामुळे त्या चालींनंतरच्या खेळाचीही तयारी आधीपासून ठेवावी लागते.