वाचकांचे प्रश्न : लिहावे तरी कशावर?

दिवाळी अंकासाठी साहित्य मागवल्याचे निवेदन छापून आले की हस्तलिखितांच्या आधी प्रश्नांची पत्रे येऊ लागतात. यंदाची चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या महिन्याचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी वीज मंडळात वायरमन म्हणून लागलो आणि 34 वर्षांनी निवृत्त झालो. वाचनाची आवड पहिल्यापासून आहे, आता लिहावेसे वाटते. पण माझ्याजवळ विषय नाही. सारा जन्म खांबावर आणि डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, गेला. माझ्यासारखी हौशी माणसे साधारणपणे कशावर लिहितात आणि मी कोणता प्रकार धरावा?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी पहिल्या भागाचे उत्तर. आमच्या टेबलावर येणाऱ्या पाकिटांवरून सांगायचे तर हौशी लेखकांचा सर्वांत लाडका विषय म्हणजे आठवणी, आणि आठवणींतही आजी. आजीचे नऊवारी, तिच्या फडताळातला खाऊचा डबा, चुलीवरची भाकरी आणि अखेर तिचे जाणे, या क्रमाने चालणारा लेख दरवर्षी इतक्या वेळा येतो की त्या साऱ्या पाकिटांना आमच्या कार्यालयात ‘आजीचा गठ्ठा’ असेच नाव पडले आहे. त्या खालोखाल पावसावरची कविता, जी जूनच्या पहिल्या सरीबरोबर यायला लागते आणि गणपतीपर्यंत थांबत नाही. मग प्रवासवर्णने : नर्मदा परिक्रमा, पंढरीची वारी, गडकोटांची भटकंती आणि परदेशी मुलाकडे काढलेले सहा महिने. या शेवटच्या प्रकारात नायगारा हमखास असतो. पण मुलगा आणि सून कामावर गेल्यावर, ज्या रस्त्याने दिवसभरात एकही माणूस पायी जात नाही त्या रस्त्याकडे पाहत दुपार कशी काढली, हे मात्र क्वचितच असते. कथांमध्ये कौटुंबिक कथा सर्वाधिक, आणि त्यांतल्या पुष्कळशा वृद्धाश्रमाच्या फाटकाशी येऊन संपतात. विनोदी लेख थोडे येतात आणि त्यांत बायको व मोलकरीण हीच दोन लक्ष्ये असतात. तो प्रकार आटत चालला असेल तर आम्हांला त्याचे दुःख नाही.

या साऱ्यात एक गोष्ट जवळजवळ कधीच सापडत नाही, ती म्हणजे लिहिणाऱ्याचे काम. रोखपाल पावसावर लिहितो, परिचारिका बालपणावर लिहिते, कंडक्टर श्रावणावर लिहितो. ज्या ठिकाणी आयुष्याचे दिवसाकाठचे आठ-आठ तास गेले ती जागा लेखनात येत नाही, कारण आपण जे वाचत आलो त्यात ती क्वचित आलेली असते आणि माणसाला आपण वाचले तसेच लिहावेसे वाटते. ही आवड खोटी म्हणता येत नाही. आजीवर लिहिताना होणारा आनंद खराच असतो. मात्र आपली आजी वाचकाच्या आजीपेक्षा वेगळी करून दाखवणे फार कठीण असते; आपल्या खांबाचे तसे नाही.

आता आपल्या पत्राकडे वळतो. ‘विषय नाही’ असे लिहिल्यानंतर चार ओळींनी आपण सहज जाता जाता एक वाक्य लिहून गेला आहात : डीपीचा दांडा खाली ओढल्यावर आणि वरून लाइन बंद असल्याचा निरोप मिळाल्यावरही, तारेला हात घालण्याआधी आपण हाताची मागची बाजू पुढे करत असा, कारण तळवा लावला आणि तारेत प्रवाह असला तर बोटे आवळली जाऊन तार मुठीतच अडकते, आणि मागची बाजू लागली तर हात झटक्याने मागे येतो. ही सवय सुरक्षेच्या नियमात बसणारी नव्हे, हे आपण जाणताच. पण ते वाक्य आमच्या कार्यालयात तीन जणांनी तीन वेळा वाचले आणि एकाने उठून दिव्याच्या बटणाशी स्वतःचा हात उलटा धरून पाहिला. आजवर आलेल्या कोणत्याही पाऊसकवितेने असे घडवलेले नाही.

आपल्यासारख्या लेखकाचे एक जुने उदाहरण मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. घरचे कर्ज फिटावे म्हणून मोठ्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि 1857च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी जे पाहिले ते लिहून काढले आणि चिंतामणराव वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 साली छापले. त्यात लढाया आहेतच, पण दक्षिणा किती मिळाली, कोणाकडे जेवण कसे झाले, पैसे कोठे लपवले आणि ते कसे लुटले गेले याचा हिशोबही आहे. तो हिशोब भिक्षुकाचा आहे, इतिहासकाराचा नव्हे, आणि म्हणूनच इतिहासकारांना आजही तो उघडावा लागतो.

तेव्हा प्रकार निवडण्याच्या भरीस तूर्त पडू नका. कथा, ललित, व्यक्तिचित्र ही वर्गवारी आमच्या सोयीची आहे. वादळी पावसातली कोणतीही एक रात्र घ्या. तक्रार किती वाजता आली, बरोबर कोण होते, शिडी कशावर लादून नेली, कोणत्या खांबावर फांदी पडली होती, वीज आल्यावर गावातून पहिला आवाज कसला आला, एवढे सांगा आणि थांबा. ‘डीपी’, ‘जंपर’, ‘आकडा’ हे शब्द बदलू नका. ट्रान्सफॉर्मरसाठीचा ‘रोहित्र’ हा शब्द वर्तमानपत्रात शोभतो, पण खांबाखाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी आपण तो कधी ऐकला नसेल.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती फक्त भुताखेतांच्या आणि अद्भुत जगाच्या कथा लिहिते. घरातील मोठी माणसे तिला काही गंभीर लिही म्हणतात. तिने हा नाद सोडावा का?
— एक आई, नाशिक

उत्तर : मुळीच सोडू नये. विशीतल्या लेखकांकडून आमच्याकडे जे येते त्यात भयकथा, रहस्यकथा आणि अद्भुत कथा यांचा वाटा मोठा आहे, आणि मराठीत या प्रकारांना घराणे नाही असेही नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून कित्येकांना वाचनाची सवय लावली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यामागे तर आजही तिच्या वयाचे वाचक आहेत. नाके मुरडणारे तेव्हाही होतेच.

शिवाय तिचे शिक्षण या लेखनाच्या आड येत नाही, उलट उपयोगी पडेल. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती आणि आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव घेतले होते. खगोलशास्त्रात ते तेव्हाच मान्यवर होते. कथालेखनात मात्र स्पर्धेला पाकीट पाठवणारे हौशीच. आणि त्यांनी लिहिले ते आपल्याच शास्त्रातले.

मुलीला एवढेच सांगावे की तिच्या कथेतला वाडा कोकणातला असेल तर तो तिने पाहिलेला असावा. आमच्याकडे येणाऱ्या भयकथांतले निम्मे वाडे परदेशी चित्रपटातून आलेले असतात. त्यांना तळघर असते, धुराडे असते आणि माजघर व न्हाणीघर मात्र नसते. रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या टाकीतून येणारा आवाज तिला त्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

प्रश्न : मुक्तछंद सोपा असताना आजकाल इतके हौशी कवी गझलेच्या मागे का लागतात? मीही त्यांतलाच आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, अकोला

उत्तर : मुक्तछंद सोपा नाही, तो सोपा दिसतो. त्यात ओळ कोठे तोडावी हे सांगणारा कोणी नसतो. गझलेत उलट सगळे नियम आधी हाती पडतात : वृत्त एक, काफिया म्हणजे यमक ठरलेले, आणि त्यामागून दर शेरात जसाच्या तसा येणारा शब्द, म्हणजे रदीफ, ठरलेली. ‘पाऊस’ हा शब्द गुरू, गुरू, लघु असा मोजून जागेवर बसला की कोडे सुटल्याचे सुख मिळते आणि चुकले तर कोठे चुकले ते दाखवता येते. एकट्याने शिकणाऱ्याला याचा मोठा आधार असतो. नवोदितांची ही गरज ओळखूनच सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. धोका एकच, की मात्रा बरोबर आल्या म्हणजे शेर झाला असे वाटू लागते. आपण पाठवलेल्या सात शेरांपैकी सहा निर्दोष आहेत आणि चौथा, ज्यात आपली एक मात्रा सुटली आहे, तेवढाच आमच्या लक्षात राहिला. तो दुरुस्त करून पाठवावा.

प्रश्न : मी माझ्या माहेरच्या एकत्र कुटुंबाच्या आठवणी लिहीत आहे. सोळा माणसांचे घर होते. एका काकांबद्दल खरे लिहिले तर चुलतभावंडे दुखावतील, आणि खोटे लिहिले तर लिहिण्यात अर्थ नाही. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आठवणी लिहिणाऱ्या बहुतेकांचा प्रवास येथेच अडतो, आणि पुष्कळ जण यातून सुटका म्हणून सगळ्यांनाच देवमाणूस करून टाकतात. सोळा देवमाणसांचे घर वाचवत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या या बाईंनी वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक लपवला नाही, की नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, तापटपणा लपवला नाही. तरीही ते वाचताना कोणाची उणीदुणी काढली जात आहेत असे वाटत नाही, याचे एक कारण म्हणजे लक्ष्मीबाई स्वतःची फजितीही त्याच मोकळेपणाने सांगतात. आपल्या मजकुराची जी दहा पाने आम्ही वाचली त्यांत काका तीनदा चुकतात, वडील दोनदा, आणि आपण एकदाही नाही. पहिली दुरुस्ती तेथे करता येईल.

दुसरे असे, की काकांविषयीचा निष्कर्ष काढून टाका आणि प्रसंग ठेवा. ‘काका कंजूष होते’ हे वाक्य चुलतभावंडांना लागेल. रोज रात्री कोठीचे कुलूप लावल्यावर काका तेलाच्या बुधल्याला कोळशाने बाहेरून खूण करून ठेवत आणि सकाळी तेल त्या खुणेला आहे का ते पाहत, हे आपणच पाचव्या पानावर लिहिले आहे, आणि ते त्या भावंडांनीही पाहिलेले असणार. आधी ते पान त्यांना वाचून दाखवा. बहुधा त्यांच्याकडे त्या बुधल्याची आणखी एखादी गोष्ट निघेल, आणि ती खूण रात्री कोण पुसून खाली सरकवत असे तेही कळेल.