नॉर्वेच्या राजाचे पणजोबा दोन्ही बाजूंना एकच कसे?

प्रश्न : नॉर्वेचे राजे हाराल्ड पाचवे यांचा वंशवृक्ष पाहताना दोन गोष्टी खटकल्या. त्यांचे वडिलांकडचे आणि आईकडचे असे दोन्ही आजोबा ‘प्रिन्स कार्ल’ म्हणून दाखवले आहेत आणि डेन्मार्कचे राजे फ्रेडरिक आठवे दोन्ही बाजूंना पणजोबा म्हणून येतात. ही तक्ता करणाऱ्याची चूक समजावी काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तक्ता बरोबर आहे. दोन्ही कार्ल ही वेगवेगळी माणसे आहेत, फ्रेडरिक आठवे मात्र दोन्हीकडे एकच आहेत. वडिलांकडचे आजोबा म्हणजे डेन्मार्कचे प्रिन्स कार्ल. नॉर्वेने १९०५ साली त्यांना गादीवर बोलावले तेव्हा त्यांनी हाकोन सातवे हे नाव घेतले. आईकडचे आजोबा म्हणजे स्वीडनचे प्रिन्स कार्ल, राजे ऑस्कर दुसरे यांचे चिरंजीव. या स्वीडिश कार्ल यांची पत्नी इंगेबोर्ग ही डॅनिश कार्ल यांची सख्खी बहीण. पुढे १९२९ साली डॅनिश कार्ल यांचे पुत्र ओलाव्ह आणि इंगेबोर्ग यांची कन्या मार्था यांचा विवाह ऑस्लो येथे झाला आणि या दांपत्याचे पुत्र म्हणजे हाराल्ड. एक आजोबा आणि एक आजी सख्खी भावंडे असल्यामुळे त्यांचे आईवडील, फ्रेडरिक आठवे आणि स्वीडनच्या राजकन्या लुईजे, वंशवृक्षात दोनदा येणारच.

मार्था ही ओलाव्ह यांची आतेबहीण होती. एक पिढी मागे गेले तर हाकोन यांची पत्नी मॉड, ब्रिटनचे राजे एडवर्ड सातवे यांची कन्या, हीसुद्धा हाकोन यांची आतेबहीणच होती, कारण तिची आई अलेक्झांड्रा ही फ्रेडरिक आठवे यांची बहीण. आणखी मागे, मॉडचे आजी-आजोबा म्हणजे राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट. तिथेही व्हिक्टोरिया ही अल्बर्ट यांची आतेबहीण! आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. इथे तिन्ही वेळा मुलीने मामाच्या मुलाशी लग्न केलेले दिसते. ही काही ठरवून पाळलेली रूढी नव्हती. राजपुत्राने बरोबरीच्या राजघराण्यातच आणि शक्यतो प्रोटेस्टंट पंथातच सोयरीक करावी, असा दंडक असल्यामुळे उपवर मुलामुलींचे वर्तुळच लहान राहिले होते.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहावा. कोणाही माणसाला चौथ्या पिढीत १६ खापरपणजे-खापरपणज्या असतात. हाराल्ड यांच्या बाबतीत ती १६ घरे भरायला १० माणसे पुरतात. डेन्मार्कचे राजे ख्रिस्तियन नववे आणि त्यांची पत्नी लुईजे, म्हणजे फ्रेडरिक आठवे यांचे आईवडील, यांची नावे तर तीन-तीन ठिकाणी येतात, कारण फ्रेडरिक आठवे दोनदा आणि त्यांची बहीण अलेक्झांड्रा एकदा आलेली आहे. याच ख्रिस्तियन यांचा दुसरा मुलगा ग्रीसचा राजा झाला आणि दुसरी मुलगी रशियाची सम्राज्ञी झाली. युरोपातल्या कोणत्याही राजघराण्याचा तक्ता मांडताना हे दांपत्य आधी लिहून ठेवावे, म्हणजे निम्मा गुंता सुटतो, असे माझे मत आहे.

प्रश्न : हाकोन सातवे डेन्मार्कचे आणि त्यांचे पुत्र ओलाव्ह इंग्लंडात जन्मलेले. मग नॉर्वेच्या आधीच्या राजांशी हाराल्ड यांचे रक्ताचे नाते आहे, असे म्हणता येईल काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : निश्चित म्हणता येईल, आणि या वंशवृक्षाचे खरे मोल मला त्यातच वाटते. नॉर्वे १८१४ पासून स्वीडनशी एका राजाखाली जोडलेला होता. नॉर्वेच्या संसदेने ७ जून १९०५ रोजी ते नाते तोडले आणि ऑस्कर दुसरे यांचा नॉर्वेवरील अंमल संपला. संसदेने त्यांच्याच बर्नाडोट घराण्यातला एक राजपुत्र मागितला होता आणि तेव्हा ज्यांचे नाव घेतले जात होते, ते हेच स्वीडिश प्रिन्स कार्ल. ऑस्कर यांनी नकार दिला. मग डॅनिश कार्ल यांना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी आधी जनतेचा कौल घ्यावा असा आग्रह धरला. नोव्हेंबर १९०५ मधील त्या सार्वमतात २,५९,५६३ मते राजेशाहीच्या बाजूने आणि ६९,२६४ मते विरोधात पडली.

ज्या घराण्याला नॉर्वेने निरोप दिला, त्याच घराण्याची मुलगी चोवीस वर्षांनी मार्थाच्या रूपाने युवराज्ञी होऊन तिथे आली. ऑस्कर हे तिचे सख्खे आजोबा, तर ऑस्कर यांचे भाऊ आणि त्यांच्या आधीचे राजे कार्ल पंधरावे हे तिच्या आईचे आजोबा. त्यामुळे १८१८ ते १९०५ या काळात नॉर्वेच्या गादीवर बसलेले बर्नाडोट घराण्याचे चारही राजे हाराल्ड यांचे थेट पूर्वज ठरतात. मार्था मात्र राणी होऊ शकली नाही. ओलाव्ह १९५७ साली गादीवर आले आणि ती १९५४ मध्येच वारली होती.

त्याही आधी नॉर्वे डेन्मार्कच्या राजांकडे होता. त्यांपैकी फ्रेडरिक पाचवे (१७४६ ते १७६६) हे ख्रिस्तियन नववे आणि लुईजे या दोघांचेही पणजोबा होते. म्हणजे तो धागाही तुटलेला नाही. स्वतः हाराल्ड २१ फेब्रुवारी १९३७ रोजी ऑस्लोजवळच्या स्काउगुम येथे जन्मले, तेव्हा ५६७ वर्षांनी नॉर्वेच्या भूमीवर राजपुत्र जन्माला आला होता.

प्रश्न : हाराल्ड यांच्या पत्नी राणी सोन्या सामान्य घरातल्या आहेत. त्यांच्यामुळे या घराण्यात प्रथमच राजघराण्याबाहेरचे रक्त आले काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. बर्नाडोट घराण्याचे मूळ पुरुष झाँ-बाप्तिस्त बर्नाडोट हे दक्षिण फ्रान्समधील पो या शहरातल्या एका वकिलाचे पुत्र होते. नेपोलियनच्या सैन्यात मार्शलपदापर्यंत चढलेल्या या माणसाला स्वीडनने १८१० साली युवराज म्हणून निवडले. त्यांची पत्नी देझिरे ही मार्सेयच्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. एके काळी नेपोलियनशीच तिचे लग्न ठरले होते. तिच्या मुलाने, ऑस्कर पहिले यांनी, जिच्याशी विवाह केला ती नेपोलियनची पत्नी जोझेफीन हिची नात. नेपोलियनने जिच्याशी ठरलेले लग्न मोडले ती आणि जिला त्याने घटस्फोट दिला ती, अशा दोघीही हाराल्ड यांच्या पूर्वज आहेत.

ऑस्लोच्या कापड व्यापाऱ्याची कन्या सोन्या हाराल्डसेन हिच्याशी लग्न करण्यासाठी मात्र हाराल्ड यांना नऊ वर्षे थांबावे लागले. लग्न करीन तर हिच्याशीच, असे त्यांनी वडिलांना निक्षून सांगितल्यावर १९६८ साली तो विवाह झाला. त्यांचे पुत्र हाकोन यांच्या तक्त्यात त्यामुळे आईकडची सगळी नावे नवीन आहेत. हाकोन यांना थोरली बहीण असूनही जुन्या नियमाने गादीचा हक्क त्यांच्याकडे आला. १९९० मध्ये घटना बदलून त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पहिल्या अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो हक्क देण्यात आला आणि म्हणून हाकोन यांच्यानंतर त्यांच्या धाकट्या मुलाऐवजी थोरली कन्या इंग्रिड अलेक्सांद्रा यांचे नाव येते.