पाचवीच्या धास्तीने तिसरीतच शिकवणी नको

ताई, तुमची मुलगी सरकारी मराठी शाळेत तिसरीला, घरात कोंकणी, तुम्हां दोघांना इंग्रजी बेताचं. पाचवीपासून सगळं इंग्रजीतून म्हणून आत्ताच शिकवणी लावावी का, असं विचारलंत. माझं मत, नको.

काळजी खरी आहे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीला बहुतेक हायस्कुलांत इंग्रजी, ही गोव्यातली उडी मोठीच. पण प्राथमिक शाळेत शिकवताना मी बघत आले, पुढे अडखळतात ती बहुतेक मुलं मराठीतही वाचलेलं न समजणारी असतात. ते आधी सावरायला हवं, आणि त्याला तुमचं इंग्रजी लागत नाही.

2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ कळून, वाचता यावेत असं म्हटलंय. पुस्तकाबाहेरचा एखादा उतारा देऊन बघा. चुकली की लगेच टोकू नका, वाक्य संपू द्या. मग विचारा काय झालं, आणि तिला कोंकणीतच सांगू द्या. स्वतःच्या भाषेत सांगता आलं म्हणजे समजलं. गोष्टींची पुस्तकं हवीत तर पणजीत पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे.

गणितात एक गोष्ट मुद्दाम बघा. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मुलं 74 लिहितात. एकोणपन्नासला तर हमखास 59! पाठांतराने हे जात नाही. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची सात नाणी तिच्या हातात द्या, मोजू द्या, मग लिहू द्या. हे पक्कं झालं की ‘फॉर्टी सेव्हन’ तिला सोपंच जाईल.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधताना तिला वही द्या. घागऱ्यो, कांगलां, आंबाडे, तोरिंगां, काय रानातून आलं, काय बाजारातून, केवढ्याला, सगळं तिने लिहायचं. नावं आजोबांना विचारू दे. भाषा, हिशेब, परिसर अभ्यास, सगळं त्यात येतं, आणि मुलं ते किती मन लावून करतात!

इंग्रजीसाठी सध्या कदंब बसच्या पाट्या आणि बिस्किटांचे पुडे वाचले तरी चालेल. चौथीनंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र शेजारच्या मुलाचं पाचवीचं गणिताचं पुस्तक मागून आणा आणि बेरीज, भागाकार, अपूर्णांक यांचे इंग्रजी शब्द तिच्याबरोबर तुम्हीही शिका.

एवढं करूनही दिवाळीपर्यंत वाचन अडतच राहिलं तर बाईंना भेटा, आणि आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं आपणहून सांगत नाहीत.