सही केली म्हणजे हक्क गेला का?

या वेळचे पाचही प्रश्न वेगवेगळ्या घरांतले आहेत, पण दुखणं एकच: हक्क मी सोडला, की तो गेला? हक्क सोडणाऱ्याला आपण काय सोडतोय ते माहीत असावं लागतं, आणि त्याचा तसा इरादा दिसावा लागतो. हक्क जायला मात्र आपली इच्छा लागत नाही. कायद्यातलं एखादं कलम पुरतं, किंवा नुसती उलटलेली वर्षं.

वडिलोपार्जित शेती सिडकोने घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा) भूखंड आता मिळतोय. वडील हयात आहेत. माझं लग्न 1989 मध्ये झालं. भाऊ म्हणतात, ‘लग्नात सोनं घातलं, तुझा हिस्सा तेव्हाच संपला. आता फक्त हक्कसोडपत्रावर सही कर.’ खरंच संपला का? – एक माहेरवाशीण, घणसोली

नाही संपला. ताई, संपलेल्या हिश्शासाठी कुणी सही मागत नाही, एवढं भावांना विचारून बघा.

त्यांचा समज कुठून आला ते सांगते. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. तुमच्या पिढीच्या बायकांच्या मनात तेच बसलं. हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून लग्नाची ही अट उरली नाही. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असं सांगून उरलासुरला वादही मिटवला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर मात्र ती मोडत नाही. म्हणून तसं काही झालं होतं का ते आधी तपासा, आणि जुना सातबारा व संपादनाची नोटीस शोधून ठेवा. भूखंड वडिलोपार्जित जमिनीच्याच बदल्यात आला, हे त्यावरून दाखवता येईल.

सोनं हे तुमचं स्त्रीधन आहे, त्याने हिस्सा फिटत नाही. ‘मला माहेर हवं, जमीन नको’ असं हळदीत, बारशात दहादा बोलला असाल तरी तोंडी शब्दाने स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं.

आणखी एक. त्या कागदात वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घरही घुसवलंय का बघा. वडील हयात असताना त्या घरात तुम्हाला हक्क नाही, नुसती वारसाची आशा आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 6 नुसार आशा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे त्या घरापुरतं हक्कसोडपत्र सहसा टिकत नाही. पण त्यापोटी पैसे घेतलेत, तर पुढे न्यायालय तुम्हाला त्या शब्दाला बांधून ठेवू शकतं.

आता जरा काळजीची बाब. सही केली नाही म्हणून निर्धास्त बसू नका. भावाचा नुसता ताबा तुमच्याविरुद्ध जात नाही, कारण तो सहहिस्सेदार आहे. पण ‘तुला काही नाही’ असं उघडपणे सांगून एकत्र मिळकतीतून वगळलं, की ते तुम्हाला कळल्यापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. मुदत उलटली की मुदत कायद्याच्या कलम 27 प्रमाणे हक्कच नाहीसा होतो. तुम्ही सोडलेला नसताना! म्हणून हिस्सा कबूल करा असं भावांना आजच लेखी कळवा. भावांना द्यावंसं वाटत असेल तर खुशाल द्या, फक्त आधी भूखंडाची बाजारातली किंमत माहीत करून घ्या.

नौपाड्यात पागडीची खोली होती. इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक ठरली, पालिकेच्या नोटिशीनंतर आम्ही बाहेर पडलो. मालक म्हणतात, चावी दिलीत, भाडेकरूपण संपलं.

इमारत पडेल या भीतीने, पालिकेच्या हुकमावरून बाहेर पडणं म्हणजे भाडेहक्क मालकाच्या हवाली करणं नव्हे. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात म्हटलं आहे. इमारत अजून उभी असेल तर पालिकेकडे असलेल्या भाडेकरूंच्या नोंदीत तुमचं नाव आणि खोलीचं क्षेत्रफळ बरोबर आहे ना, ते आधी बघा. भाडं बँकेतून पाठवत राहा. मालकाने परत केलं तर तो पुरावाही जपून ठेवा.

इमारत धडधाकट असताना खोलीला कुलूप लावून गावी जाऊन बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दाव्याआधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापर नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 खाली मालक खोली परत मागू शकतो. तिथेही त्याला न्यायालयातच जावं लागतं. परस्पर कुलूप बदलता येत नाही.

ठाण्यात राज्य शासनाच्या कार्यालयात माझी 23 वर्षं सेवा झाली. आई अंथरुणाला खिळली आहे, म्हणून राजीनामा लिहून ठेवलाय. पेन्शन मिळेल ना?

तो कागद फाडून टाका. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 46 प्रमाणे राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते. सोडताय नोकरी, पेन्शन सोडायचा विचार तुमच्या मनातही नाही, तरी ती जाईल. त्याच नियमांत नियम 66 आहे: वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन मिळतं. तुमची सेवा त्यात बसते. बिनपगारी रजा वगळून वीस भरतात का, एवढं आस्थापना शाखेकडून सेवापुस्तकावरून ताडून घ्या. कारण तेच, घरी बसणंही तेच, फक्त अर्जावरचा विषय वेगळा! मला हा नियम कठोर वाटतो, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीच्या एका वीज कंपनीच्या खटल्यात हाच फरक उचलून धरला, तेव्हा सहानुभूतीवर विसंबू नका. राजीनामा आधीच दिला असेल तर तो अमलात येण्यापूर्वी मागे घ्या.

घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतला, ताबा दोन वर्षं उशिरा. बिल्डर म्हणतो, ‘उशिराबद्दल दावा करणार नाही’ असं हमीपत्र द्या, तरच चावी.

चावीसाठी अडवून घेतलेली सही ही राजीखुशीची नव्हे. बंगळूरुच्या एका प्रकल्पाबाबत, अरिफुर रहमान खान विरुद्ध डीएलएफ सदर्न होम्स या खटल्यात, 24 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताब्यासाठी भरपाईचा हक्क सोडायला लावणं अमान्य केलं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. सहीआधीच ‘दबावाखाली, हक्क राखून’ अशी ईमेल पाठवा. ग्राहक आयोगात जायचं तर तिथली मुदत दोन वर्षांची आहे.

मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, पण भारतीय पासपोर्ट परत केलेला नाही. म्हणजे इथलं नागरिकत्व शाबूत ना? – वाशी

नाही. नागरिकत्व कायदा, 1955 मध्ये तीन वाटा वेगळ्या सांगितल्या आहेत: कलम 8 म्हणजे स्वतः घोषणा करून केलेला त्याग, कलम 9 म्हणजे आपोआप संपणं, कलम 10 म्हणजे सरकारने काढून घेणं. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी कलम 9 लागलं. पासपोर्ट कपाटात आहे म्हणून काही वाचलं नाही. उलट तो वापरला तर गुन्हा होईल. तो लवकर परत करून ओसीआय कार्डासाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) अर्ज करायला सांगा. मतदान त्याला करता येणार नाही. तुमची गावची शेतजमीन वारसाने त्याच्याकडे येऊ शकते, नवी मात्र विकत घेता येणार नाही.